डे लिलीचं बोंड: ठेवायचं की खुडायचं, आणि खर्च किती?

पाडवा जवळ आला की आमच्या सुदामानगरच्या गच्चीवर डे लिलीचे दांडे पानांतून वर येऊ लागतात. एका दांड्यावर दहा-बारा कळ्या असतात. रोज एक-दोन उमलतात, संध्याकाळपर्यंत मिटतात आणि दुसऱ्या सकाळी त्यांच्या जागी ओल्या चिंधीसारखं काहीतरी लोंबत असतं. आठवडाभराने ती चिंधी गळून पडते आणि तिच्या बुडाशी तीन कडांचा हिरवा गोळा दिसायला लागतो. कपाशीचं कोवळं बोंड असतं ना, तसाच. म्हणून आमच्या घरात त्याला बोंडच म्हणतात.

दर वर्षी याच दिवसांत शेजारपाजारच्या दोघी-तिघी तरी विचारतात, "काकू, हे गोळे काढायचे की राहू द्यायचे?" कुणाला माळ्याने सांगितलेलं असतं की हे फळ आहे, हात लावू नका. कुणी फुलं वाढावीत म्हणून टॉनिकची बाटली आणलेली असते. कुणाला वाटतं, आता बी मिळणार, म्हणजे पुढच्या वर्षी फुकटात पन्नास रोपं. या तिन्ही समजुतींत पैसे आणि वेळ जातो. म्हणून हा हिशेब नीट मांडते आहे. यातले भाव मी गेल्या वर्षभरात इंदूरमध्ये स्वतः मोजलेले आहेत. तुमच्या भागात दहा-वीस टक्के इकडेतिकडे होतील, पण निर्णय बदलेल इतके नाही.

थोडक्यात उत्तर

- फक्त फुलं हवी असतील तर बोंडं खुडून टाका. खर्च शून्य, आठवड्याला दहा मिनिटं.
- हेच फूल, हाच रंग आणखी कुंड्यांत हवा असेल तर बियांच्या मागे लागू नका. तीन वर्षांनी गड्डा फोडून फुटवे वेगळे करा. खर्च फक्त माती आणि कुंडीचा.
- आपल्या घरात जन्मलेलं, कुणाकडेच नाही असं फूल हवं असेल तर दोन किंवा तीनच बोंडं ठेवा. खर्च दहा रोपांमागे साधारण 1300 रुपये, आणि फुलासाठी दोन ते तीन वर्षांची वाट.

आता एकेक गोष्ट सविस्तर.

आधी पाहा, ती डे लिलीच आहे ना

इंदूरच्या नर्सरीत नुसतं ‘लिली’ म्हटलं तर हातात बहुतेक वेळा रेन लिली पडते. पावसाच्या पहिल्या सरीनंतर उगवणारी, पातळ पातीची, गुलाबी किंवा पांढऱ्या फुलाची. तिलाही तीन फुगवट्यांचं बोंड येतं, म्हणून घोटाळा होतो. उन्हाळ्यात मोठं कर्ण्यासारखं लाल फूल देणारी अमरॅलिसही कित्येक घरांत ‘लिली’ याच नावाने राहते.

ओळख सोपी आहे. डे लिलीची पानं जमिनीतून थेट निघतात, हिरव्यागार गवतासारखी लांब असतात आणि समोरासमोर दोन ओळींत, उघडलेल्या पंख्यासारखी दिसतात. फुलाचा दांडा वेगळा, त्यावर मोठी पानं नाहीत, आणि टोकाला अनेक कळ्या. रेन लिलीच्या दांड्यावर एकच फूल असतं. खणून पाहिलं तर रेन लिली आणि अमरॅलिसला कांदा सापडतो. डे लिलीला कांदा नसतो. तिला जाड, शतावरीसारखी गाठाळ मुळं असतात.

बी पाहिलं की शंकाच उरत नाही. डे लिलीचं बी काळं, चकचकीत आणि टपोरं, मिरीच्या दाण्यासारखं. रेन लिली आणि अमरॅलिसचं बी काळंच, पण चपटं आणि कागदासारखं हलकं. ते दोन्ही ताजं असतानाच पेरावं लागतं, साठवण्यात अर्थ नाही. पुढचं सगळं फक्त डे लिलीबद्दल आहे.

घरात मांजर असेल तर मात्र खर्चाच्या आधी एक गोष्ट लक्षात घ्या. डे लिलीचं पान, फूल, पराग, काहीही पोटात गेलं तर मांजराची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. अशा घरात ही कुंडी नको. कुणाला भेट देतानाही आधी विचारा.

बोंड झाडाला किती महाग पडतं

डे लिलीचं शास्त्रीय नाव हेमेरोकॅलिस. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ एका दिवसाचं सौंदर्य. फूल एक दिवसाचं असलं तरी त्यामागून येणारं बोंड पिकायला साधारण दीड ते दोन महिने घेतं. तेवढे दिवस झाड पानांत तयार केलेलं अन्न बियांकडे पाठवत राहतं. तेच अन्न एरवी मुळांत साठलं असतं, नव्या फुटव्याला गेलं असतं किंवा दुसऱ्या दांड्याला.

जमिनीत पाच-सहा वर्षं मुरलेल्या मोठ्या गड्ड्याला चार बोंडांनी काही होत नाही, तेव्हा घाबरून जाऊ नका. फरक पडतो तो तीन ठिकाणी. पहिलं, कुंडीतलं झाड, कारण त्याची शिदोरीच मर्यादित असते. दुसरं, नवं लावलेलं झाड, ज्याला अजून मुळं धरायची आहेत. तिसरं, पुन्हा पुन्हा फुलणारी जात. ‘स्टेला डी ओरो’ ही बुटकी पिवळी जात वॉल्टर याब्लोन्स्की यांनी अमेरिकेत तयार केली आणि 1975 साली तिची नोंद झाली. ती वर्षातून अनेकदा फुलते, पण बोंडंही भराभर धरते. तिची बोंडं राहू दिली तर पुढचा बहर मंदावतो.

इंदूरमध्ये आणखी एक खर्च असतो, पाण्याचा. बोंडं पोसण्याचे दिवस म्हणजे वैशाख-ज्येष्ठ. पारा चाळिशीपार गेलेला आणि गच्ची तापलेली. आपल्या नळाला येणारं नर्मदेचं पाणी दूर जलूदहून उपसून, घाट चढवून शहरात आणलं जातं, आणि उन्हाळ्यात ते आपल्याला मोजूनमापून वापरावं लागतं. बोंडं खुडलेल्या झाडाला आम्ही मे महिन्यात एक दिवसाआड पाणी देतो आणि ते तग धरतं. बी धरलेल्या झाडाला रोज द्यावं लागतं, नाहीतर बोंडं पिकण्याआधीच गळतात. दहा कुंड्यांवर बोंडं ठेवण्याआधी याचाही विचार करा.

आणि तुमच्या झाडाला कधी बोंडच येत नसेल तर? तर झाडात काही दोष नाही. गंजलेल्या नारिंगी रंगाची जी जुनी, दणकट डे लिली जगभर पसरली आहे ती गुणसूत्रांच्या तीन संचांची आहे, म्हणून जवळपास वांझ असते. न्यूयॉर्क बोटॅनिकल गार्डनमधले संशोधक ए. बी. स्टाऊट यांनी गेल्या शतकाच्या सुरुवातीला तिच्यावर हजारो वेळा हाताने परागीकरण केलं, तेव्हा कुठे मोजकं बी मिळालं. ती पसरते ती फुटव्यांनी. तिला बोंडं यावीत म्हणून कुठलंही औषध विकत घेऊ नका.

खुडण्याची पद्धत: खर्च शून्य ते चारशे रुपये

बहुतेक जण इथे एकच चूक करतात. कोमेजलेल्या पाकळ्या ओढून काढतात आणि समजतात की झालं. पाकळ्या निघतात, पण बोंड जिथे धरतं तो हिरवा बारीक देठ तिथेच राहतो. फुलाच्या मागे, दांड्याला जिथे ते जोडलेलं असतं तिथे बोट न्या, हिरव्या गाठीसकट पकडा आणि बाजूला वळवून मोडा. टचकन आवाज येतो. शेजारची उद्याची कळी दुसऱ्या हाताने सांभाळा, ती फार सहज मोडते.

रोज खुडलं तर झाड नीटस दिसतं. पण नुसतं बोंड टाळण्यासाठी रोज करायची गरज नाही. बोंडाला पिकायला सहा ते आठ आठवडे लागतात, त्यामुळे रविवारी सकाळी एक फेरी मारली तरी झाडाचं फारसं काही गेलेलं नसतं. नोकरी करणाऱ्यांनी हे मनावर घ्यावं. रोज जमत नाही म्हणून सोडून देण्यापेक्षा आठवड्याची एक फेरी पुष्कळ चांगली.

दांड्यावरची शेवटची कळी उमलून गेली की पूर्ण दांडा बुडापासून दोन बोटं वर कापा. त्याआधी दांडा वरपासून खालपर्यंत नीट बघा. कधीकधी दांड्याच्या मध्यावर पानांचा छोटा झुपका फुटलेला असतो. ते फुकटचं रोप आहे आणि आईसारखंच फूल देणार आहे. त्याच्या वर-खाली दोन-दोन इंच दांडा ठेवून कापा आणि ओल्या मातीत खोचा. दोन-तीन आठवड्यांत मुळं धरतात.

हिरवी पानं कापू नका. बोंडं काढून वाचवलेलं अन्न ही पानंच तयार करतात. फक्त पिवळी, लोळलेली पानं ओढून काढा.

लागणारी साधनं अशी:

- हात: फुलं आणि बोंडांसाठी पुरेसे.
- जुनी स्वयंपाकघरातली कात्री: दांड्यांसाठी चालते.
- छाटणीची कात्री: घ्यायचीच असेल तर सियागंजातल्या हार्डवेअरच्या दुकानात 250 ते 400 रुपयांत बरी मिळते. स्प्रिंग वेगळी बदलता येते का ते विचारा. ज्यात येत नाही ती वर्षभरात फेकावी लागते.
- एका झाडावरून दुसऱ्यावर जाताना पातं पुसायला सॅनिटायझर: घरात असतोच. पानांच्या मागे नारिंगी भुकटी दिसली तर तो तांबेरा आहे. त्या झाडाला सगळ्यांत शेवटी हात लावा आणि ती पानं खताच्या बादलीत टाकू नका.

माळी ठेवला तर

आमच्या भागात एका फेरीचे 300 ते 500 रुपये घेतात. आठवड्यातून एकदा येणारा माळी लहान बागेसाठी महिन्याला 1000 ते 1500 सांगतो. नुसत्या डे लिलीसाठी माळी ठेवू नका, हे काम त्याच्यासाठी नाही. पण तो येतच असेल तर आधी ठरवून घ्या: बोंडं खुडणं आणि दांडे कापणं त्याच पैशांत आहे का, कापलेलं तो घेऊन जाणार की आपल्याला खतासाठी ठेवणार, आणि कुठली दोन-तीन बोंडं ठेवायची आहेत. ठेवायच्या बोंडांना लाल दोरा बांधून ठेवा. मी हे केलं नव्हतं, तेव्हा दोन महिने जपलेली बोंडं एका सकाळी साफ झाली. दोष त्या माळ्याचा नव्हता, मी सांगितलंच नव्हतं.

बी धरायचं ठरवलं तर

सगळ्यात आधी मनाशी पक्कं करा की बियांतून आईसारखं फूल येणार नाही. आज बाजारात मिळणाऱ्या डे लिली पिढ्यान्‌पिढ्यांच्या संकरातून आलेल्या आहेत. पिवळ्या आईची लेकरं फिकट पिवळी, केशरी, तांबूस, कशीही निघतील. काही सुंदर असतील, बरीचशी साधी. या अनिश्चिततेतच आनंद वाटत असेल तर जरूर करा. नसेल तर हा भाग सोडून पुढे जा.

कुठलं बोंड ठेवायचं? इंदूरच्या हवेत मला एक नियम लागू पडला आहे. पाडव्याच्या आसपासच्या पहिल्या फुलांची बोंडं ठेवावीत आणि अक्षय तृतीयेनंतरची सगळी खुडावीत. कडक उन्हात फळधारणा नीट होत नाही, झालेली बोंडंही गळतात. उशिरा धरलेली बोंडं पिकेपर्यंत जूनअखेरचा पाऊस सुरू होतो आणि ती आतून बुरशीने कुजतात. एका कुंडीवर दोन बोंडं पुरेत. एका बोंडात चार-पाचपासून वीसपर्यंतही बिया निघतात.

बोंड हिरवं असताना तोडू नका. ते तपकिरी होऊन टोकाशी भेगाळायला लागलं की पिकलं. एकदा उकललं की बी खाली सांडतं आणि मुंग्या, पक्षी ते शोधून काढतात. म्हणून रंग बदलायला लागताच जुन्या मलमलीचा तुकडा किंवा चहाची कापडी गाळणी त्यावर सैल बांधा.

बी दोन दिवस सावलीत वाळवा. नखाने दाबून पोचट निघेल ते टाका. उरलेलं कागदाच्या पुडीत, वर तारीख आणि आईचा रंग लिहून, घट्ट झाकणाच्या डबीत फ्रिजमध्ये ठेवा. फ्रीझरमध्ये नको. लगेच पेरण्याचा मोह होतो, कारण समोर पावसाळा असतो. पण आपल्या पावसाळ्यातली दमट, ढगाळ हवा कोवळ्या रोपांना बुडाशी कुजवते. मी नवरात्रापर्यंत थांबते. पेरण्याआधी तीन-चार आठवडे बी किंचित ओलसर कोकोपीटमध्ये, फ्रिजमध्येच ठेवते. हिवाळ्याचा हा आभास मिळाला की काही जातींचं बी एकसारखं उगवतं. मग अर्धा इंच खोल पेरायचं. एक ते तीन आठवड्यांत कोंब दिसतात, एखादं आळशी बी त्याहून उशिरा येतं. दसऱ्यापासून फेब्रुवारीपर्यंतची इंदूरची हवा या रोपांना फार मानवते.

दहा रोपांचा माझा खरा खर्च असा झाला:

- कोकोपीटची छोटी वीट: 50 रुपये
- पेरणीसाठी गांडूळ खत: 60 रुपये
- दह्याचे रिकामे कप: 0
- आठ इंची दहा प्लास्टिक कुंड्या, प्रत्येकी 50: 500 रुपये
- माती आणि खताचं मिश्रण, कुंडीमागे 40: 400 रुपये
- पुढच्या दोन वर्षांचं खत: 300 रुपये
- एकूण: 1310 रुपये

म्हणजे रोपामागे 131 रुपये. याच पैशांत नर्सरीत आज फुलावर असलेलं रोप मिळतं. दहांतली मनापासून ठेवावीशी वाटणारी तीन निघाली, तर प्रत्येकी जवळपास 437 रुपये पडले. शिवाय दहा कुंड्यांची जागा दोन-अडीच वर्षं अडते. पैसे वाचवण्याचा हा मार्ग नाही. पण तिसऱ्या वर्षी एका सकाळी माझ्या कुंडीत जर्दाळूच्या रंगाचं, मधे पिवळा कंठ असलेलं फूल उमललं. ते माझ्या घरात जन्मलेलं होतं. त्या किमतीबद्दल माझी काही तक्रार नाही.

तेच फूल वाढवायचं असेल तर गड्डा फोडा

आईसारखंच रोप मिळवण्याचा खात्रीचा आणि स्वस्त मार्ग हाच. दर तीन-चार वर्षांनी कुंडी गच्च भरते, दांडे कमी होतात, मधला भाग विरळ पडतो. दसरा-दिवाळीच्या सुमाराला झाड कुंडीतून काढा, मुळं पाण्याने धुवा, आणि पानांचे जुडगे हातांनी ओढून वेगळे करा. अडलं तर सुरी घ्या. प्रत्येक तुकड्याला दोन-तीन जुडगे आणि भरपूर मुळं हवीत. एकच जुडगा लावला तरी जगतो, पण फुलायला वर्षभर जास्त घेतो. पानं एक वीत ठेवून कापा. ही एकच वेळ, जेव्हा हिरवी पानं कापायची. गड्डा मातीखाली एका इंचाहून खोल जाऊ देऊ नका. खोल लावलेली डे लिली फुलत नाही.

माळव्याची काळी माती पावसात चिकट होते आणि उन्हाळ्यात भेगाळते. कुंडीत ती नुसती भरू नका. दोन भाग माती, एक भाग गांडूळ खत किंवा शेणखत, एक भाग वाळू किंवा कोकोपीट, असं घ्या. पाणी साचलं तर गाठाळ मुळं कुजतात, आणि मग आपण खतांवर पैसे घालत बसतो.

एका भरलेल्या गड्ड्यातून पाच-सहा रोपं मिळतात. खर्च फक्त नव्या कुंडीचा आणि मिश्रणाचा. रोपाला फुलं पुढच्याच उन्हाळ्यात.

पैसे कुठे वाया जातात

निळ्या लिलीचं बी. मोबाइलवर सुंदर निळ्या, इंद्रधनुषी डे लिलीची चित्रं दिसतात, पुडीची किंमत 149 रुपये. एका ऑनलाइन विक्रेत्याकडून मी ती घेतली होती. उगवलं ते गवत. खरी निळी डे लिली अजून कुणीही तयार करू शकलेलं नाही. जांभळ्यापर्यंत रंग जातात, आकाशी निळा नाही. चित्र निळं असेल तर पुढे वाचूच नका.

डे लिलीचे ‘कांदे’. डे लिलीला कांदा नसतो हे वर सांगितलंच. कुणी कांदा म्हणून विकत असेल तर ते दुसरंच काही आहे. मुळांसकट, पानं कापलेला जुडगा हेच तिचं विकण्याचं रूप.

फुलं वाढवणारं टॉनिक. 200 ते 300 रुपयांच्या बाटलीने जे होईल, त्याहून जास्त बोंडं खुडल्याने, दिवसाला सहा तास ऊन मिळाल्याने आणि वर्षातून दोनदा मूठभर शेणखत दिल्याने होतं.

नवं रोप घेताना भाव असे आहेत. खंडवा रस्त्यावरच्या नर्सऱ्यांमध्ये साधी पिवळी किंवा नारिंगी डे लिली 60 ते 120 रुपयांत मिळाली. नावाच्या संकरित जाती ऑनलाइन 250 ते 600, वर कुरिअरचे 80 ते 150. विकत घेताना पिशवीत पानांचे किती जुडगे आहेत ते मोजा. शंभर रुपयांत तीन जुडग्यांची पिशवी ही साठ रुपयांच्या एका जुडग्यापेक्षा स्वस्त आहे. शक्यतो मार्च-एप्रिलमध्ये, फूल डोळ्यांनी पाहूनच घ्या. माळव्यातल्या नर्सरीत बोलताना ‘गमला’, ‘पौधा’, ‘खाद’ हे शब्द चालतात, पण ‘लिली’च्या आधी ‘डे’ म्हणायला विसरू नका.

बिलाबद्दल: जिवंत रोपांवर जीएसटी नाही. कुंडी आणि खतावर असू शकतो, म्हणून त्यांची ओळ बिलात वेगळी असावी. ऑनलाइन मागवलं तर पार्सल उघडताना व्हिडिओ काढून ठेवा. चुकीचं किंवा मेलेलं रोप आलं तर आधी विक्रेत्याच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी कळवा. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे त्याचं नाव आणि संपर्क देणं बंधनकारक आहे. दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915. रक्कम लहान आहे म्हणून सोडून देऊ नका. आपण गप्प बसतो म्हणूनच निळ्या बियांच्या पुड्या विकल्या जातात.

खुडलेल्याचं काय करायचं

कापलेले दांडे, सुकलेली फुलं, कोवळी बोंडं ओल्या कचऱ्यात टाकली तर महापालिकेची गाडी घेऊन जाते, आणि आपल्या शहराला कचरा वेगळा करण्याची शिस्त आता अंगवळणी पडली आहे. पण मी ते देत नाही. ज्या गावाच्या नावाने जगभर खत करण्याची पद्धत ओळखली जाते, त्या गावात आपण राहतो.

1924 साली इंदूरमध्ये वनस्पती संशोधनाची संस्था सुरू झाली, आज तिथे कृषी महाविद्यालय आहे. अल्बर्ट हॉवर्ड तिचे पहिले संचालक. शेतातला पालापाचोळा, शेण, गोठ्यातली मूत्राने भिजलेली माती आणि राख यांचे थर देऊन, ठरावीक दिवसांनी उलथून, सुमारे तीन महिन्यांत खत तयार करण्याची रीत त्यांनी इथे बसवली. 1931 साली तिच्यावरचं पुस्तक निघालं. त्यावर हॉवर्ड यांच्यासोबत यशवंत वाड यांचं नाव आहे. तीच ‘इंदूर पद्धत’. सेंद्रिय शेतीचा विचार जगात रुजला त्याच्या मुळाशी हे काम आहे.

गच्चीवर तिचं छोटं रूप करता येतं. रंगाच्या जुन्या बादलीला बुडाशी आणि बाजूंनी भोकं पाडा. खाली सुकी पानं, वर दोन इंचांचे तुकडे केलेले दांडे आणि बोंडं, वर मूठभर शेणखत आणि माती. असे थर देत जा, ओल पिळलेल्या फडक्याइतकी ठेवा, पंधरा दिवसांनी उलथा. खर्च शून्य. फक्त पिकलेलं काळं बी यात टाकू नका, नाहीतर ते नको त्या कुंडीत उगवेल. होळीनंतर खुडायला सुरुवात केली की पावसाळ्याच्या तोंडावर खत हातात येतं. झाडाने बोंडात घातलेलं जे काही आपण काढून घेतलं, ते अशा रीतीने त्यालाच परत जातं.

शेवटचा हिशेब

माझ्याकडे चार कुंड्या आहेत. तीन वर्षं मी त्यांची बोंडं खुडली, दोन सोडून. मागच्या दिवाळीत चारही गड्डे फोडले, तेव्हा बावीस रोपं निघाली. चार परत कुंड्यांत गेली. तीन शेजारी दिली. उरलेली पंधरा मी नर्सरीच्या काळ्या पिशव्यांत लावली. पिशवी पाच रुपयांना, मिश्रण पंधरा रुपयांचं, एकूण तीनशे रुपये.

संक्रांतीपर्यंत त्यांनी मुळं धरली होती. रथसप्तमीच्या हळदीकुंकवाला यंदा प्लास्टिकच्या डब्यांऐवजी हेच वाण दिलं, एका वाणाचे वीस रुपये. प्रत्येक पिशवीला एक चिठ्ठी बांधली होती: "फूल एक दिवसाचं आहे. कोमेजलं की बुडातल्या हिरव्या गाठीसकट खुडा. तीन वर्षांनी गड्डा फोडा आणि पुढे द्या."

पाडव्याला फोन यायला लागतील, दांडा आला म्हणून. आणि महिन्याभराने दुसरा फोन, हे गोळे काढायचे का म्हणून. तेव्हा मी विचारणार आहे, तुला नेमकं काय हवंय, फुलं, रोपं की नवा रंग? त्याचं उत्तर मिळालं की बोंडाचा निर्णय आपोआप होतो.